तापीची पातळी मोजतात खान्देशात, पण कोणासाठी?

तापीवरच्या हतनूर धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतक्या क्युसेकचा विसर्ग, हे मेसेज पावसाळ्यात सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. पण तापीवरची पूर मोजायची जी साखळी आहे ती मुळात खान्देशासाठी उभी राहिलेलीच नाही, ती सुरतसाठी आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा सगळा इतिहास वेगळाच दिसायला लागतो.

जुनं थोडक्यात सांगतो. पांझरा नदीवरचे फड बंधारे (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीचे) चालवणाऱ्यांना नदीला किती पाणी आहे हे रोज बघावंच लागायचं, पण ते वाटपापुरतं. १८७२ ला गिरणा आणि पांझऱ्याला मोठा पूर आला, धुळ्यात घरं वाहून गेली, तरी कायमची मोजणी वगैरे काही लगेच उभी राहिली नाही.

खरी सुरुवात १९६८ नंतरची. त्या वर्षी सुरतला जवळपास १५ लाख क्युसेकचा पूर आला. तोवर देशात पुराचा अंदाज द्यायचं काम दिल्लीला यमुनेवर १९५८ पासून चालू होतं, ते १९७० च्या सुमारास तापीवरही आलं, आणि १९७२ ला सुरतच्या वरच्या बाजूचं उकाई धरण पूर्ण झालं. मग बऱ्हाणपूर, भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा अशी गेजची, म्हणजे पाण्याची पातळी मोजायची ठिकाणं महत्त्वाची झाली. इथे पाणी चढलं की खाली उकाईला किती येणार आणि कधी येणार याचा हिशोब लागतो. तापी पश्चिमेला वाहते आणि बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टाही बऱ्याचदा पूर्वेकडून पश्चिमेलाच सरकतो, म्हणजे पाऊस पुराच्या सोबतच चालतो आणि खाली जाता जाता फुगवटा वाढतच जातो. म्हणून वरचा एकेक तास महाग.

मोजणी कशी होते तर काठाला पट्टी रोवलेली असते, पुराच्या दिवसात गेज रीडर दर तासाला आकडा वाचतो, रात्री बॅटरी घेऊन. पातळीवरून प्रवाह मात्र थेट कळत नाही, त्यासाठी नदीच्या रुंदीत ठिकठिकाणी खोली आणि करंट मीटरने वेग मोजून आधी पातळी-प्रवाहाचा आलेख बनवावा लागतो, मग पूर आला की नुसत्या पातळीवरून क्युसेक काढता येतात. हा आलेख पात्र बदललं, गाळ साचला की बिघडतो. पुढे तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे झाले, आणि बॅरेजच्या फुगवट्यात पाणी तुंबून उभं असेल तर पातळी भरपूर दिसते पण प्रवाह जवळपास नसतो, मग तिथे दरवाजे किती उघडे आहेत त्यावरून हिशोब करावा लागतो.

आता वादाची गोष्ट, ऑगस्ट २००६. उकाईतून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. एका बाजूचं म्हणणं, वरच्या ठिकाणांचे आकडे येत होते तेव्हाच पाणी सोडायला घ्यायला हवं होतं, धरण भरायच्या नादात उशीर केला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, उकाई सिंचन आणि विजेसाठीही आहे, अंदाज चुकून पाऊस ओसरला असता तर रिकाम्या धरणाचा जाब कोणी दिला असता? शिवाय शहराने पात्रातच घरं बांधली होती, म्हणजे पूर्वी सहज निघून जाणारं पाणीही आता काठाबाहेर जातं. मला विचाराल तर दोन्हीत तथ्य आहे, पण आकडा हातात असताना थांबणं हा निर्णयच असतो, त्याला नुसता निसर्ग म्हणता येत नाही. बोट हतनूरकडेही दाखवलं गेलं. ते मला पटत नाही. हतनूरची साठवण ३८८ दलघमी (दशलक्ष घनमीटर), उकाईची ७४०० च्या वर, त्यात हतनूरमध्ये गाळाचा प्रश्न जुना. एवढ्या पुराला ते अडवणार काय, आलेलं पाणी पुढे पाठवतं इतकंच.

त्यानंतर पैसा आला, मोठ्या जलविज्ञान प्रकल्पाचे टप्पे झाले, पट्टीच्या जोडीला रडार सेन्सर आणि उपग्रहावरून आपोआप आकडे पाठवणारी यंत्रं लागली. तापीवरचं चित्र सुधारलं हे मान्य.

पण उपनद्यांचं काय? २०१९ ला पांझरा धुळ्यात शिरली. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी रातोरात फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, बाजारपेठेत पाणी आलं. डोंगरातून उतरणाऱ्या अशा नदीला पूर चढायला काही तास पुरतात, तिथे भुसावळच्या गेजचा काय उपयोग? घाटमाथ्यावर पावसाचा आकडा आणि गावाच्या वर पाच-दहा किलोमीटरवर एक पातळीचं यंत्र, एवढं असलं तरी लोकांना दुकानातला माल वर चढवण्याइतका वेळ मिळतो.