2024 चं निवडणूक वर्ष आणि बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल : पार्श्वभूमी

2024 मध्ये साठहून जास्त देशांत राष्ट्रीय पातळीवरचं मतदान झालं. नेमका आकडा कसा मोजता त्यावर बदलतो, त्यात शिरत नाही. एवढे सगळे एकाच वर्षात कसे आले याचं उत्तर बरंचसं शाळेतल्या लसावित आहे. अमेरिका आणि तैवान दर 4 वर्षांनी, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका दर 5 वर्षांनी, मेक्सिको आणि 2012 पासून रशिया दर 6 वर्षांनी. 4, 5, 6 चा लसावि 60, म्हणजे मध्ये कुठलं सरकार गडगडलं नाही तर ही सगळी मंडळी पुन्हा एकत्र यायला 2084 उजाडेल. पाचवाल्यांचं जुळणंही योगायोगच, दक्षिण आफ्रिकेतली मोजणी 1994 ला सुरू झाली, इंडोनेशियात हुकूमशाही पडल्यावर 1999 ला, आणि त्याच 1999 ला आपल्याकडे एका मताने सरकार पडलं म्हणून आपण त्या रांगेत आलो. ब्रिटन आणि फ्रान्सने मुदतीआधीच निवडणुका घेतल्या, पाकिस्तानची 2023 ची निवडणूक जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेत अडकून फेब्रुवारीत घसरली.

पण तारखांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे मतदान होतं तेव्हा सरकार कुणाच्या हातात असतं. आणि त्यासाठी वर्षाच्या पहिल्याच मोठ्या निवडणुकीकडे, 7 जानेवारीच्या बांगलादेशकडे बघायला हवं.

आपल्याकडे लोकसभेची मुदत संपत आली तरी तेच पंतप्रधान राहतात, आचारसंहिता लागते आणि निवडणूक होते. बांगलादेशात या पद्धतीवर विरोधकांचा कधी विश्वास बसलाच नाही, आणि त्याला कारणं होती. 1990 च्या आंदोलनानंतर सरन्यायाधीशांना हंगामी राष्ट्रपती करून 1991 ची निवडणूक घेतली, ती बरी झाली. मग 1994 च्या एका पोटनिवडणुकीत गडबडीचे आरोप झाले, संप, बंद, आणि फेब्रुवारी 1996 ची निवडणूक विरोधकांनी टाकलीच. त्यातून आलेली संसद काही दिवसच टिकली पण जाता जाता 13 वी घटनादुरुस्ती करून गेली. संसद विसर्जित झाली की पक्षांबाहेरचं सरकार येणार, प्रमुखपदी शक्यतो शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश, आणि 90 दिवसांत निवडणूक. जून 1996, 2001, 2008, तिन्ही निवडणुका अशाच झाल्या आणि तिन्ही वेळा आधी सत्तेत असलेला पक्ष हरला. मला तरी ही या व्यवस्थेची सगळ्यात मोठी पावती वाटते.

तिला भोकं होती हेही खरंय. 2004 मध्ये न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय 65 वरून 67 केलं, आणि त्यामुळे पुढच्या निवडणुकीच्या वेळी शेवटचे निवृत्त सरन्यायाधीश कोण असणार हेच बदललं, विरोधक म्हणाले हा आपला माणूस बसवायचा डाव आहे, 2006 ला रस्त्यावर माणसं मेली, शेवटी राष्ट्रपतींनी त्या पक्षांबाहेरच्या सरकारचं प्रमुखपदही स्वतःकडेच घेतलं, 11 जानेवारी 2007 ला आणीबाणी लागली आणि 90 दिवसांचं सरकार लष्कराच्या पाठिंब्यावर जवळपास दोन वर्षं चाललं.

आणि मग 10 मे 2011. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने 13 वी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, कारण निवडून न आलेल्या लोकांकडे सत्ता देणं लोकशाहीत बसत नाही. तत्त्व म्हणून हे पटतं. पण त्या दिवशी वाचून दाखवलेल्या छोट्या आदेशात हेही होतं की पुढच्या दोन निवडणुका जुन्या पद्धतीने घेता येतील, आणि त्यात माजी सरन्यायाधीशांना न आणण्याची दुरुस्ती संसद करू शकते. सरकारने पहिला भाग उचलला, दुसरा सोडला आणि 30 जूनला, दोन महिनेही झाले नव्हते, पूर्ण निकाल आलाही नव्हता, 15 वी दुरुस्ती करून ही व्यवस्थाच काढून टाकली. सविस्तर निकाल आला सप्टेंबर 2012 मध्ये, तोपर्यंत तो लिहिणारे सरन्यायाधीश निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्यात दोन निवडणुकांच्या सवलतीला अशी अट जोडलेली होती की त्या सरकारात निवडून आलेले प्रतिनिधीच असावेत, जी छोट्या आदेशात नव्हती. लोकांसमोर वाचलेला आदेश आणि नंतर छापलेला निकाल यात एवढा फरक पडणं हे माझ्या मते अक्षम्य आहे.

पुढचं सगळं या एका निर्णयाच्या उतारावर घडलं. 2014 ला प्रमुख विरोधकांचा बहिष्कार, 300 पैकी 153 जागा बिनविरोध, म्हणजे निम्म्याहून जास्त जागांवर मतदानच नाही. 2018 ला विरोधक उतरले, तर आदल्या रात्रीच मतपेट्या भरल्याचे आरोप झाले. 2024 ला पुन्हा बहिष्कार, साठच्या वर अपक्ष निवडून आले आणि त्यातले बरेचसे सत्ताधारी पक्षाचेच लोक होते. सात महिन्यांत, 5 ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. आंदोलन सुरू झालं नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून, पण मतपेटीतून सरकार बदलायचा रस्ता तीन निवडणुका बंद असल्यावर तो राग दुसरीकडे कुठे जाणार होता?

डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने 15 व्या दुरुस्तीतला हा भाग रद्द केला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच 2011 चा निकाल फिरवून जुनी व्यवस्था परत आणली. मात्र ती लगेच लागू केली नाही, फेब्रुवारी 2026 ची निवडणूक तिच्याबाहेर ठेवली. प्रमुख कोण असावा हा 2006 वाला वाद तेव्हाही तसाच होता आणि तो पुढच्या संसदेला सोडवावा लागणार होता.