कॉन्फेडरेट झेंडा मागवताय? ऑर्डरआधी हे वाचून घ्या

आमचं काम म्हणजे जुने ऐतिहासिक झेंडे शिवून द्यायचं. पलटणींचे, जहाजांवरचे, राज्यांचे, सगळे. पण सगळ्यात जास्त फोन कुठल्या झेंड्यासाठी येतात विचाराल तर लाल कापड, त्यावर निळी फुली आणि फुलीवर 13 पांढरे तारे, म्हणजेच कॉन्फेडरेट झेंडा. (अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं सरकार म्हणजे कॉन्फेडरसी, आणि तिचं उरलेल्या अमेरिकेशी झालेलं 1861 ते 1865 चं युद्ध म्हणजे सिव्हिल वॉर.) फोन करणारेही दोन टोकांचे, एक म्हणतो हा आमच्या पणजोबांचा झेंडा, तुम्ही ट्रकला लावायच्या साइजमध्ये का देत नाही, आणि दुसरा म्हणतो तुम्ही हा शिवताच कसा. हल्ली इथे अमेरिकेत नवीन राहायला आलेली मराठी मंडळी पण विचारतात, मुलीला शाळेत सिव्हिल वॉरचा प्रोजेक्ट आहे, किंवा समोरच्या घरावर हा लावलाय तर त्याचा अर्थ काय घ्यायचा. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

आमची भूमिका आधीच सांगतो. म्युझियम, युद्धाचे प्रसंग उभे करणारे रीएनॅक्टमेंट ग्रुप, नाटक-सिनेमा आणि इतिहासाचा वर्ग, यांच्यासाठी आम्ही हा झेंडा शिवतो. पोर्च, ट्रक, मोर्चा, टॉवेल, टीशर्ट यासाठी नाही शिवत. का ते खाली येईलच.

आधी झेंडा कुठला ते बघू

बरेच जण याला "स्टार्स अँड बार्स" म्हणतात, ते चूक आहे. स्टार्स अँड बार्स हा कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रीय झेंडा, मार्च 1861 मध्ये मॉन्टगोमेरीत ठरला, तीन आडवे पट्टे आणि कोपऱ्यात ताऱ्यांचं गोल कडं. तो अमेरिकेच्या झेंड्यासारखाच दिसायचा आणि त्याच वर्षी जुलैत मनॅससच्या लढाईत धूर-धुळीत आपले कोण आणि समोरचे कोण हेच कळेना. मग कॉन्फेडरेट जनरल बोरेगार्डने वेगळ्या झेंड्याचा आग्रह धरला आणि विल्यम पोर्चर माइल्सचं फुलीवालं डिझाइन, जे राष्ट्रीय झेंडा म्हणून आधी नापास झालं होतं, ते लढाईच्या झेंड्यासाठी घेतलं गेलं. म्हणजे आज ज्याला सगळे कॉन्फेडरेट झेंडा म्हणतात तो त्या सरकारचा राष्ट्रीय झेंडा कधीच नव्हता, व्हर्जिनियात लढणाऱ्या सैन्याचा होता. आणि तो चौरस होता बरं का, चारी बाजू सारख्या! पायदळाला 48 इंच, तोफखान्याला 36, घोडदळाला 30 अशी मापं ठरवली होती. बाजारात मिळतो तो लांबट नायलॉनचा झेंडा नौदलाच्या आणि टेनेसीच्या सैन्याच्या झेंड्याच्या जवळ जातो, व्हर्जिनियातल्या, म्हणजे जनरल रॉबर्ट लीच्या सैन्याचा म्हणून तो दाखवला तर जाणकार हसतात.

पहिले नमुने 1861 मध्ये रिचमंडला कॅरी घराण्यातल्या तीन मुलींनी सिल्कमध्ये शिवले. पुढे सिल्क मिळेना म्हणून लोकरीचं बंटिंग (झेंड्यांसाठीचं हलकं कापड) आलं, तारे सुती कापडाचे, वरून टाचलेले. काही पलटणी लढायांची नावं झेंड्यावरच लिहून घ्यायच्या. तारे 13 कारण केंटकी आणि मिझुरी पण मोजले, फुटून निघालेली राज्यं 11 च होती.

मग एवढी भानगड कशाची?

"हा फक्त वारशाचा झेंडा आहे" असं म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत बसत नाही, त्या काळच्या लोकांनीच काय लिहून ठेवलंय ते दाखवतो. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च 1861 मध्ये सव्हानाच्या भाषणात उघड म्हणाला की आमच्या सरकारचा पायाच हा की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची जागा. मिसिसिपीने फुटून निघतानाच्या जाहीरनाम्यात आपलं कारण म्हणून गुलामीचं नाव सरळ घेतलं. 1863 मध्ये दुसरा राष्ट्रीय झेंडा आला, सगळा पांढरा आणि कोपऱ्यात ही फुली, तेव्हा सव्हानाचाच एक संपादक विल्यम थॉम्पसन यानं हा पांढरा रंग गोऱ्यांच्या वर्चस्वाचा म्हणून उचलून धरला. (वारा पडला की तो झेंडा शरणागतीचा वाटायचा, म्हणून 1865 मध्ये कडेला लाल पट्टा जोडला, आणि सुमारे पाच आठवड्यांनी लीने खरोखरच शरणागती पत्करली.) तेव्हा देशात गुलामीत असलेली माणसं होती सुमारे 40 लाख. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना हा झेंडा कसा दिसत असेल ते वेगळं सांगायला नको.

युद्धानंतर बरीच वर्षं हा झेंडा स्मारकं, कबरी आणि म्हाताऱ्या सैनिकांचे मेळावे यातच असायचा. रस्त्यावर आला तो 1948 ला, काळ्यांना नागरी हक्क द्यायला विरोध म्हणून स्ट्रॉम थर्मंडचा डिक्सीक्रॅट पक्ष उभा राहिला तेव्हा त्यांच्या सभांमध्ये. मग 1956 मध्ये जॉर्जियाने राज्याच्या झेंड्यात ही फुली घातली, सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवून दोनच वर्षं झाली होती. साउथ कॅरोलिनाने 1961 ला युद्धाच्या शताब्दीसाठी म्हणून विधानभवनावर चढवला आणि शताब्दी संपली तरी 2000 पर्यंत उतरवला नाही, मग तो विधानभवनासमोर आणला. आमच्या मते आजच्या वादाचं मूळ 1861 इतकंच या काळातही आहे, आणि "पणजोबांचा झेंडा" म्हणणाऱ्यांना हे बऱ्याचदा माहीतच नसतं.

मान कुठे, अपमान कुठे

इथे गंमत अशी की अपमान दोन प्रकारचे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

एक, झेंड्याचा अपमान. हे दुखणं दक्षिणेतल्या वारसा जपणाऱ्यांचं. युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही सैनिकांच्या लेकी-नातींची संघटना, तिने 1948 मध्येच कॉलेजातली पोरं आणि राजकीय गट हा झेंडा नाचवतात म्हणून नाराजी जाहीर केली होती. पुढे 50 च्या दशकात बीच टॉवेल, टोप्या, काय वाट्टेल त्यावर फुली छापायचं फॅड आलं. मिसिसिपी, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना वगैरे राज्यांनी तर या झेंड्याची विटंबना करू नये असे कायदे करून ठेवलेत, जे आता कोर्टात टिकणार नाहीत, कारण 1989 मध्ये सुप्रीम कोर्टाने खुद्द अमेरिकेचा झेंडा जाळणं सुद्धा अभिव्यक्तीत धरलं.

दुसरा, झेंडा वापरून माणसांचा अपमान. हा जास्त गंभीर, आणि इथे कापड किती स्वच्छ इस्त्री केलंय याला काही अर्थ नाही. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं पहिल्यांदा येताना समोर धरलेला झेंडा, काळ्या कुटुंबाच्या घरासमोर मुद्दाम उभा केलेला झेंडा, जानेवारी 2021 मध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाच्या आत खांद्यावर घेऊन फिरवलेला झेंडा. तो नवा कोरा असेल, बरोबर मापाचाही असेल, तरी वापर अपमानाचाच.

म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारतो: लावणार कुठे, शेजारी माहिती काय असणार, आणि कार्यक्रम संपल्यावर तो खाली उतरणार का. रीएनॅक्टमेंटमध्ये समोर युनियनची (उत्तरेची) पलटण असते, लढाई संपते, झेंडा गुंडाळून पेटीत जातो, आमच्या मते हे ठीक आहे. तिथूनच घरी जाताना गाडीच्या मागे बांधून फडकवला तर तोच झेंडा, तेच कापड, पण काम दुसरंच झालं. म्युझियममध्ये काचेमागे पाटीसकट असला की तो पुरावा असतो. त्या पाटीत सैनिकाचं नाव-गाव लिहा, जरूर लिहा, पण युद्ध कशासाठी होतं ते गाळू नका.

कबरीचा प्रश्न नाजूक आहे. पूर्वज लढून मेला, त्याच्या दगडापाशी वर्षातून एकदा हाताएवढा झेंडा ठेवला तर आम्हाला त्यात वावगं वाटत नाही. सरकारी वेटरन्स सिमेट्रींमध्येही (माजी सैनिकांच्या दफनभूमी) 2016 पासून साधारण हाच हिशोब आहे, मोठ्या खांबावर हा झेंडा नाही, ठरलेल्या दिवशी कबरीपाशी छोटा चालतो, पण त्या सिमेट्रीचे नियम आधी विचारून घ्या. आणि रॉबर्ट लीचं नाव घेऊन जे येतात त्यांना एकच सांगतो, 1870 मध्ये लीच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत हा झेंडा नव्हता, युद्धाच्या जखमा उघड्या ठेवू नयेत असं त्याचं म्हणणं होतं.

विकण्याबद्दल

17 जून 2015 ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या माथेफिरूने 9 काळ्या माणसांना गोळ्या घातल्या, त्याचे या झेंड्यासोबतचे फोटो बाहेर आले. मग वॉलमार्ट, अॅमेझॉन, ईबे यांनी या झेंड्याचा माल विकणं बंद केलं, 10 जुलैला साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनासमोरून झेंडा उतरला. 2020 मध्ये मोटार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कारने बंदी घातली आणि मिसिसिपीने राज्याच्या झेंड्यातून फुली काढली. आम्ही मात्र नॅशनल पार्क सर्व्हिसच्या (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणारं सरकारी खातं) दुकानांची पद्धत घेतली, कारण ती व्यवहाराची आहे: सुटा झेंडा विकायला नाही, पण पुस्तकात किंवा शैक्षणिक वस्तूत माहितीसकट असेल आणि वेगळा काढता येत नसेल तर चालेल. शाळेच्या प्रोजेक्टसाठी म्हणूनच आम्ही कापडी झेंडा न देता चार झेंड्यांचा छापील तक्ता देतो, तीन राष्ट्रीय आणि एक लढाईचा, तारखांसकट.

स्वतःच्या घरावर लावायला कायद्याची आडकाठी नाही, सरकार तो काढायला लावू शकत नाही. नोकरीच्या जागी मात्र मालक मनाई करू शकतो, आणि घराच्या असोसिएशनचे नियम वेगळे असतात ते वाचा.

माळ्यावर खरा जुना सापडला तर

धुऊ नका, इस्त्री नको, घडी पण नको. जुनं सिल्क घडीवर तडकतं आणि एकदा तडकलं की जोडता येत नाही. अॅसिड-फ्री कागदावर सपाट पसरून अंधारात ठेवा आणि रिचमंडच्या अमेरिकन सिव्हिल वॉर म्युझियमसारख्या ठिकाणी फोटो पाठवा. पटकन विकायला काढू नका, ढीगभर नकली फिरतायत. मालकीचा प्रश्नही येतो, सिव्हिल वॉरमधल्या गेटिसबर्गच्या लढाईत पकडलेला 28 व्या व्हर्जिनिया पलटणीचा झेंडा मिनेसोटाकडे आहे, व्हर्जिनियाने मागितला तरी ते देत नाहीत. (आम्हाला विचाराल तर देऊ पण नये.)

ऑर्डर देताना

पलटण, वर्ष आणि प्रसंग लिहून पाठवा, नुसतं "कॉन्फेडरेट झेंडा 1 नग" असं आलं तर आम्ही उलट फोन करणार. पाटीचा मजकूर हवा असेल तर लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नाटक-सिनेमासाठी मळका, गोळ्या लागलेला लूक हवा असेल तर शिवायच्या आधी सांगा, लोकरीच्या बंटिंगला तो छान आणता येतो, सिल्कला नाही येत, आणि तयार झाल्यावर सांगितलंत तर दुसरा शिवावा लागतो.