चेट अ‍ॅटकिन्स मित्रांच्या नादाने जॅझकडे वळले?

चेट अ‍ॅटकिन्स हे अमेरिकन गिटारवादक जन्मभर कंट्रीच (तिकडचं ग्रामीण लोकसंगीताच्या वळणाचं संगीत) वाजवत होते आणि साठी गाठल्यावर मित्रांच्या नादाने जॅझकडे भरकटले, हे अजूनही ठामपणे सांगितलं जातं. निमित्त १९८५ चा ‘स्टे ट्यून्ड’ अल्बम. त्यात जॉर्ज बेन्सन, मार्क नॉफ्लर, लॅरी कार्लटन असे जॅझ-रॉकवाले साथीला आहेत ना, मग झालं!

खरं तर गंगा उलटी वाहते. उमेदवारीच्या काळात मिसूरीतल्या एका रेडिओ स्टेशनने चेटना काढलं, ते वाजवणं पुरेसं ‘कंट्री’ वाटत नाही म्हणून. १९६० मध्ये ते कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलची वादक मंडळी घेऊन न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाला गेले. तिथे दंगल उसळली, कार्यक्रम बारगळला. तर या पठ्ठ्यांनी मुक्कामाच्या घराच्या ओसरीवरच रेकॉर्डिंग केलं. १९७६ मध्ये गिटारवादक लेस पॉलबरोबर अल्बम आला. चाली जुन्या, जॅझच्या वळणाच्या, ग्रॅमी मात्र कंट्री विभागात! ही ओळखही जुनीच: चेटचे सावत्र भाऊ जिम लेस पॉलच्या त्रिकुटात गिटार वाजवत.

आणि त्यांचा हात पाहा. अंगठा खालच्या तारांवर ठेका धरतो, तीन बोटं वर चाल काढतात. ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाटतात. ही तऱ्हा कंट्री गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसना रेडिओवर ऐकून बसवलेली. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकाच बोटाने वाजवतात, हे रेडिओवर दिसणार कसं?