कबुतर इशाऱ्यावर जोड्या जुळवतं का?

‘सारख्या रंगांच्या जोड्या जुळवणारं कबुतर मालकाच्या इशाऱ्यावर चालतं, पाखराला अक्कल नसते,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो. शंका रास्त आहे. इशारे टिपणारी जनावरं असतातच. म्हणून प्रयोगात माणूस समोर नसतो, दिवे आणि दाणे यंत्र सांभाळतं.

कबुतरासमोर ओळीत तीन बटणं असतात. मधल्या बटणावर लाल रंग उजळतो. कबुतराने चोच मारली की बाजूच्या एका बटणावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा दिसतो. लाल टिपला तर दाणे, हिरवा टिपला तर काही सेकंद अंधार. बरोबर रंगाची बाजू सतत बदलावी लागते, नाहीतर ते फक्त ‘डावीकडे’ एवढंच शिकतं. अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतात. भरपूर सरावानंतर त्याहून बरीच जास्त.

खरी कसोटी नव्या रंगाची. दोनच रंगांवर शिकलेलं कबुतर तिथे बहुधा अडखळतं, कारण त्याने ‘लालला लाल’ पाठ केलेलं असतं. शेकडो निरनिराळ्या चित्रांवर शिकलेलं मात्र अनोळखी जोडीही जुळवू शकतं. कावळ्याच्या कुळातले पक्षी यात सरस.

बीड-लातूरकडे माळवदावर कबुतरं पाळणाऱ्यांना निदान रंगओळख तपासता येईल. काही दिवस लाल वाटीत ज्वारी ठेवा, निळी रिकामी. जागा अदलाबदल करत राहा. मग दोन्ही रिकाम्या ठेवून आडोशाला थांबा आणि पाखरू आधी कुठे जातं ते दरवेळी लिहून ठेवा.