सांगायची राहून गेलेली गोळी

सिंधुदुर्गातला पेशंट बायपाससाठी गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जातो, रत्नागिरीतला बहुधा मुंबईला. सोबत अँजिओग्राफीची सीडी असते, बीपी-शुगरच्या गोळ्यांची पिशवी असते. ‘टेन्शनची गोळी’, म्हणजे नैराश्यावरचं औषध, मात्र पुष्कळदा घरीच राहते, तांदळाच्या डब्यामागे.

या लपवालपवीची मुळं इथल्याच मातीत आहेत. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. ‘ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा’ हा टोमणा ऐकत वाढलेला माणूस मनावरचं औषध चारचौघांत कसं सांगणार? त्यात घरात लग्नाची मुलगी असेल तर बघायलाच नको.

खरं तर या औषधांचा उगम क्षयाच्या इस्पितळातला आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात इप्रोनियाझिड हे औषध घेणारे क्षयरोगी एकाएकी उल्हसित दिसू लागले. १९५७ पर्यंत ते नैराश्यावर वापरात आलं. त्याच जातीच्या औषधांवर असलेल्यांना पेथिडिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन जिवावर बेतू शकतं, हेही पुढे कळलं. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या नव्या औषधाला मंजुरी मिळाली. ही नवी औषधं बरीच सुरक्षित, म्हणून फॅमिली डॉक्टरही ती लिहून देऊ लागले.

तरी हृदयाच्या ऑपरेशनात ती माहीत असावी लागतात. या गोळ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या आणि रक्तातल्या रसायनावर काम करतात, आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेटमधलं सेरोटोनिन त्यांच्यामुळे घटतं. जोडीला ॲस्पिरिन असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. मला जास्त काळजी वाटते ती मेथिलीन ब्लूची. हृदय-फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवरच्या ऑपरेशननंतर कधी कधी रक्तवाहिन्या सैलावतात, नेहमीच्या औषधांनी बीपी चढत नाही. तेव्हा हे निळं इंजेक्शन देतात. ते सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम रोखतं. पेशंट आधीच अशा गोळीवर असेल तर सेरोटोनिन साचून ताप, थरथर, ताठरलेले स्नायू, भ्रम असं काहीही होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली तसा इशाराच दिला. पण गोळीच ठाऊक नसेल, तर आयसीयूतल्या डॉक्टरला हे सुचणार कसं?

लपवलेली गोळी ऑपरेशनच्या दिवसांत आपोआप बंदही पडते. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं. घरचे म्हणतात, ‘ऑपरेशननंतर बाबा बदलले.’ काहीजण भीतीने आधीच स्वतःहून गोळी सोडतात. वास्तविक डॉक्टरांना कळलं तर ते बहुतेकदा ती चालूच ठेवतात आणि सेरोटोनिन वाढवणारं ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक टाळतात.

मानसिक आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा मुलाला, सुनेला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगता येतं.