चौकोनी कंसात काय लिहायचं?
आर या संगणकाच्या भाषेतल्या फाइली आमच्याकडून घेणाऱ्या कोल्हापुरातल्या अडत दुकानदारांसाठी

गुळाच्या सौद्याचा रोजचा हिशेब आम्ही करून देतो. अलीकडे तुमच्यापैकी बरेच जण फाइल उघडून स्वतःच आकडे काढून बघतात. चांगलंच आहे. पण फोन बहुतेक या कंसापायीच येतात.

समजा, आज तुमच्या दुकानात सहा शेतकऱ्यांचा गूळ सौद्याला लागला. क्विंटलचे भाव :

४१००, ३८५०, ४४००, ३७००, ४२५०, ३९५०

अशा रांगेला आरमध्ये व्हेक्टर म्हणतात. आपण तिला 'भाव' नाव देऊ.

भाव[३] लिहिलं की ४४०० येतात. मोजणी १ पासून, आपण रवे मोजतो तशी. मुलगा कॉलेजात पायथन ही संगणकाची दुसरी भाषा शिकत असेल तर तो शून्यापासून मोजेल; इथं त्याचं ऐकू नका. भाव[९] मागितलं तर आर तक्रार करत नाही, गुपचूप 'एनए' म्हणजे 'उपलब्ध नाही' देतो. सलग हवे तर भाव[२:४], सुटे हवे तर त्यांच्या जागा 'सी'नं एकत्र बांधून भाव[सी(१, ५)].

वजाचं चिन्ह म्हणजे 'हा सोडून बाकीचे'. भाव[-३] मध्ये ४४०० गळतात, उरलेले पाच येतात. पहिले तीन गाळायचे तर भाव[-(१:३)] लिहा. आतला गोल कंस विसरलात तर -१ पासून ३ पर्यंतची रांग तयार होते आणि आर अडून बसतो.

अटही चालते. भाव[भाव > ४०००] दिलं की ४१००, ४४००, ४२५० येतात. त्यांच्या जागा हव्या असतील तर व्हिच(भाव > ४०००), उत्तर १, ३, ५.

याच व्हिचनं आम्हालाही एकदा गंडवलं. भाव लिहिताना कधी एक शून्य जास्त पडतं, ४१०० चे ४१००० होतात. असले आकडे गाळायला आम्ही लिहिलं होतं :

भाव[-व्हिच(भाव > १००००)]

चूक असेल त्या दिवशी हे बरोबर चालायचं. एके दिवशी सगळे आकडे चोख होते. व्हिचला काहीच सापडलं नाही, त्यानं रिकामी रांग दिली. रिकाम्याला वजा लावलं तरी रिकामंच. सहाच्या सहा भाव गायब, आणि सरासरीच्या जागी 'एनएएन' म्हणजे 'हा आकडाच नाही' छापून कागद ग्राहकाच्या हातात! आता सगळ्या फाइलींत सरळ असं लिहितो :

भाव[भाव <= १००००]

एखादा भाव लिहायचा राहिला असेल तर तिथला एनए मात्र यातही तसाच उरतो.

रांगेला गावांची नावं दिली असतील तर भाव["कागल"] असंही मागता येतं. कागलचे दोन शेतकरी असतील तर पहिल्याचाच भाव येईल, एवढं ध्यानात असू द्या.

वाचायला सोपं जावं म्हणून इथं सगळं मराठीत छापलंय. संगणकावर नावं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा, फाइलीत आहेत तसे. अडलं तर पडद्याचा फोटो पाठवा, पण पूर्ण ओळ दिसू दे. चूक बहुधा नेमकी कापलेल्या टोकालाच असते.