शाळेची परीक्षा, विद्यापीठाची चाळणी

उच्च माध्यमिक शिक्षण सुधारायचं म्हटलं की वाद विषयांवरून सुरू होतो आणि परीक्षेपाशी येऊन अडतो. याचं मूळ जुनं आहे. शाळा सोडताना मिळणारं हे प्रमाणपत्र शाळेच्या गरजेतून आलेलंच नाही.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याने 1788 मध्ये आबिटुअर परीक्षा आणली, ती कच्ची मुलं विद्यापीठात शिरू नयेत म्हणून. गंमत अशी की नापास झालेल्यांनाही सुरुवातीला प्रवेश मिळत असे. ही पळवाट 1834 मध्ये बुजली. फ्रान्सचा बाकालोरेआ नेपोलियनच्या 1808 च्या फर्मानातून आला. पुढच्या वर्षी अवघे 31 जण पास झाले, तेही तोंडी परीक्षा देऊन. बाकालोरेआ आजही शाळेचा दाखला नसून विद्यापीठाची पहिली पायरी मानला जातो. तिथे विज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र या शाखांच्या भिंती पडायला 2021 ची परीक्षा उजाडावी लागली. वर्षभराच्या मूल्यमापनाला 40 टक्के वजनही तेव्हाच मिळालं.

खरी रस्सीखेच पाहावी ती इंग्लंडमध्ये. 1951 मध्ये आलेल्या ए-लेव्हल या शाळा संपतानाच्या परीक्षेला विद्यार्थी साधारण तीन विषय घेतो, म्हणजे सोळाव्या वर्षीच बाकीच्या विषयांना रामराम. 1963 पासून श्रेण्यांचा कोटाही ठरला: पेपर कितीही चांगले गेले तरी ‘ए’ श्रेणी जवळपास 10 टक्क्यांनाच. अशी चाळणी विद्यापीठाला सोयीची; मुलाला नेमकं काय येतं, हे तिच्यातून कळत नाही. तरी ती 1987 पर्यंत टिकली.

1988 मध्ये हिगिन्सन समितीने तीनऐवजी पाच आटोपशीर विषय सुचवले. थॅचर सरकारने शिफारस फेटाळली, कारण ए-लेव्हल म्हणजे बावनकशी सोनं, त्याला हात कोण लावणार! 2000 मध्ये अभ्यासक्रमाचे दोन टप्पे झाले. पहिल्या वर्षी चार-पाच विषय घ्यावेत, मग त्यातले निवडावेत, अशी कल्पना होती. 2004 मध्ये टॉमलिन्सन गटाने तर ए-लेव्हल आणि व्यावसायिक अभ्यासक्रम एकाच पदविकेत सामावण्याचा आराखडा दिला. माझ्या मते सगळ्या प्रस्तावांत हाच मुळापर्यंत गेलेला होता. काही महिन्यांत सरकारने त्याचा गाभाच नाकारला. 2015 पासून तर गाडी उलट फिरली आणि दोन वर्षांचा हिशेब पुन्हा शेवटच्या पेपरांवर आला.

त्याची किंमत 2020 मध्ये कळली. महासाथीत परीक्षा रद्द झाल्या आणि हाताशी दुसरं विश्वासाचं मोजमाप नव्हतं. मग शाळेचे मागचे निकाल धरून संगणकीय सूत्राने श्रेण्या ठरवल्या. शिक्षकांनी दिलेल्या जवळपास 40 टक्के श्रेण्या खाली आल्या, मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारला सूत्र गुंडाळावं लागलं.

2023 मध्ये ऋषी सुनक यांनी पुन्हा पाच विषयांची, गणित आणि इंग्रजी सक्तीचं करणारी योजना जाहीर केली. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि योजना रद्द झाली. ए-लेव्हलची बहुतेक मुलं अजूनही तीनच विषय घेतात.